राउटरवर स्पीड लिमिट लावताना या चुका टाळा

एकाने मोठा गेम डाउनलोडला लावला की दुसऱ्याची ऑफिसची मीटिंग अडकते. मग कोणीतरी राउटरची सेटिंग्ज उघडून बाकीच्यांचा स्पीड कमी करतं, तरीही मीटिंग अडकतेच. बहुतेक वेळा लिमिट फक्त डाउनलोडवर लावलेली असते.

आधी अपलोड बघा. फोनमधले फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढू लागले की अपलोडची लाइन भरते आणि पॅकेट्सची (डेटाच्या छोट्या तुकड्यांची) रांग लागते. तुमचा आवाज त्याच रांगेत थांबतो. डाउनलोडच्या पोचपावत्याही तिथेच अडकतात, म्हणून डाउनलोडही मंदावतं. खात्री करायची तर कॉम्प्युटरवर ८.८.८.८ ला (हा गूगलचा सर्व्हर) सतत पिंग, म्हणजे उत्तर किती वेळात येतं ते मोजणारी चाचणी, चालू ठेवा आणि मोठी फाइल अपलोडला लावा. एरवी २० मिलिसेकंदांत येणारं उत्तर शेकडो मिलिसेकंद घेऊ लागलं, तर दुखणं इथेच आहे. बॅकअप घेणाऱ्या फोनच्या अपलोडला मर्यादा घाला.

राउटरच्या क्यूओएसमध्ये (कोणाला किती स्पीड ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) एकूण स्पीड विचारला की प्लॅनवरचा आकडा भरू नका. संध्याकाळी, गर्दीच्या वेळी, केबल लावून स्पीड मोजा आणि त्याच्या साधारण ९० टक्के भरा. जास्त भरलात तर रांग राउटरबाहेर, कंपनीच्या बाजूला लागते आणि तिच्यावर तुमच्या राउटरचा ताबा राहत नाही.

एककही नीट वाचा. अनेक राउटरवर आकडा केबीपीएसमध्ये मागतात. तिथे ५ एमबीपीएससाठी ५००० लिहायचे. नुसते ५ लिहिले तर साधं वेबपेजही उघडणार नाही.

चार दिवसांनी लिमिट आपोआप सुटली, तर डिव्हाइसची ओळख बदलली असेल. नियम आयपीवर (राउटरने डिव्हाइसला दिलेल्या नंबरवर) असेल तर डीएचसीपीमध्ये (हे नंबर वाटणाऱ्या सेटिंगमध्ये) तो आयपी त्या डिव्हाइससाठी राखून ठेवा. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायला खरा मॅक ॲड्रेस (डिव्हाइसचा स्वतःचा ओळख-नंबर) न देता बनावट देतात, आणि नेटवर्क काढून पुन्हा जोडल्यावर तो बदलू शकतो. घरच्या वायफायपुरतं हे फोनमध्ये बंद करा, पण ज्याचा फोन आहे त्याला सांगून. घरातल्यांच्या नकळत लावलेली लिमिट भांडणाला कारण होते, आणि ते भांडण रास्त असतं.

फायबर असेल तर कंपनीच्या ओएनटीचं (फायबर ज्याला जोडलेली असते त्या डब्याचं) वायफायही चालू आहे का ते बघा. त्याला थेट जोडलेल्या फोनवर तुमच्या राउटरचा एकही नियम लागत नाही. काही राउटरवर हार्डवेअर नॅट (वेग वाढवण्यासाठी नियमांना बगल देणारी सेटिंग) चालू असताना लिमिट कागदावरच राहते. ते बंद करून पुन्हा तपासा. दोन भिंतींपलीकडे सिग्नलच पोचत नसेल, तर यातलं काहीही उपयोगाचं नाही.

फुल एचडी व्हिडिओला सुमारे ५ एमबीपीएस लागतात, त्यामुळे कोणालाच १ वर आणू नका. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर) चालत असेल, तर मी माणसागणिक लिमिट लावणारच नाही. त्यातलं एसक्यूएम (रांग आटोक्यात ठेवणारी सोय), त्यात ‘केक’ ही पद्धत निवडून, चालू करा. लाइन भरली की वाटणी तेच करतं, आणि इतर कोणी वापरत नसेल तेव्हा एकट्याला पूर्ण स्पीड मिळतो.