सेकंडहँड हॉट हॅच घेताय? ट्रॅकवर पळवून त्याच गाडीने घरी यायचंय हे आधी लक्षात घ्या

हॉट हॅच, म्हणजे जोरदार इंजिनाची छोटी हॅचबॅक, म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, पॉवर किती. दुसरा प्रश्न, रिमॅप केली, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून पॉवर वाढवली, तर किती होईल. मी पण असाच होतो, काही वेगळा नव्हतो. पण पुण्यात राहून गाडी ट्रॅकवर न्यायची म्हणजे काय असतं ते एकदा शांतपणे बघा. आपल्याला बरा पडेल असा मोठा रेस ट्रॅक म्हणजे चेन्नईच्या अलीकडचा इरुंगट्टुकोट्टैचा, साधारण ३.७ किलोमीटरचा, आणि तो पुण्यापासून अकराशेच्या वर किलोमीटर. कोईमतूरचा करी मोटर स्पीडवे जवळपास तेवढाच लांब आणि छोटा, २.१ किलोमीटर. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झालं, तो तर अजून पुढे. म्हणजे पहाटे कात्रज सोडायचं, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी करत बंगलोर, तिथे मुक्काम, दुसऱ्या दिवशी ट्रॅक, मग पंधरा-वीस मिनिटांच्या सेशनमध्ये गाडीचा जीव काढायचा आणि तिच्यातच बसून परत घरी. ट्रेलर वगैरे आपल्या खिशातलं काम नाही.

म्हणून गाडी निवडताना माझी चाळणी एकच आहे, ही गाडी तुटली तर काय तुटेल, आणि तो पार्ट हुबळीत किंवा कृष्णगिरीत रविवारी मिळेल का. पॉवर नंतर.

आता गाड्या बघू. पोलो जीटी टीएसआय २०१३ ला आली, १.२ लिटर टर्बो, १०५ पीएस, १७५ न्यूटन मीटर टॉर्क, ईएसपी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) सकट, आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. चालवायला भारीच, हायवेवर तर विचारू नका. पण तो डीएसजी ड्राय क्लचवाला (क्लच तेलात बुडलेला नसतो), ट्रॅफिकमधली उष्णता त्याला सोसत नाही, आणि त्याचं मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणारा कंट्रोलचा भाग, गेला की बिल बघून माणूस खाली बसतो. ते बदललेलं असेल आणि बिल हातात असेल तरच पुढे बोला. २०२० पासून २०२२ ला पोलो बंद होईपर्यंत आलेली १.० टीएसआय मात्र वेगळी, तीन सिलिंडर, ११० पीएस, टॉर्क तेवढाच, आणि मुख्य म्हणजे सहा गिअरचा मॅन्युअल मिळतो. जीटीचा बॅज ऑटोमॅटिकला लावायचे त्यामुळे लोक बॅजच्या मागे पळतात, तुम्ही हायलाइन प्लस हे व्हेरिएंट मॅन्युअलमध्ये शोधा. मागे ड्रम ब्रेक आहेत, नाक मुरडू नका, गाडी हलकी आहे आणि खरं काम पुढचेच ब्रेक करतात. शिवाय चाकणच्या कारखान्यातली गाडी, पुण्यात हिच्यावर हात बसलेले मेकॅनिक पाहिजे तेवढे.

आय२० एन लाइन सप्टेंबर २०२१ पासूनची, १२० पीएस, १७२ न्यूटन मीटर, चारही डिस्क. सुरुवातीच्या गाड्यांना एकतर आयएमटी म्हणजे क्लच पेडल नसलेला मॅन्युअल, नाहीतर सात गिअरचा डीसीटी, हाही दोन क्लचचा ऑटोमॅटिक. ट्रॅकसाठी दोन्ही मला पटत नाहीत. २०२३ च्या फेसलिफ्टला सरळ सहा गिअरचा मॅन्युअल आला, ती मिळाली तर घ्या, महाग पडेल पण डोक्याला ताप कमी.

बलेनो आरएस (२०१७ ते २०२०, १.० बूस्टरजेट, १०२ पीएस) हिला लोक नावं ठेवतात, पण वजनाला हलकी, चारही डिस्क, साधा पाच गिअर. ज्याला पहिल्यांदाच ट्रॅक शिकायचाय त्याला मी हीच सांगतो. टर्बो इंजिनचे आणि मागच्या ब्रेकचे पार्ट नेहमीच्या बलेनोचे नाहीत, तेवढं आधी विचारून ठेवा. टियागो जेटीपी पण मस्त, ११४ पीएस, किंमत खाली, पण थोडेच दिवस विकली गेली, त्यामुळे तिच्या खास पार्टसाठी वणवण. फिगो १.५ डिझेल, १०० पीएस आणि २१५ न्यूटन मीटर, घाटात ओव्हरटेकला हिच्यासारखी गाडी नाही, पण नाक जड आणि इंजिन वरच्या आरपीएमला दमतं, सरळ रस्त्यावर मजा, कॉर्नरला पुढचे टायर रडतात.

आणि मग अबार्थ पुंटो. २०१५, रांजणगावच्या कारखान्यातली, १४५ बीएचपी, २१२ न्यूटन मीटर, विंचवाचा लोगो. मन कुणाचं होणार नाही? माझं अजून होतं. पण ही घरातली दुसरी गाडी म्हणून घ्या, एकुलती एक म्हणून नाही. तिचा १.४ टी-जेट टायमिंग बेल्टवर चालतो, आणि बेल्ट फक्त किलोमीटरने नाही तर वयाने पण म्हातारा होतो, त्यामुळे "साहेब चाळीस हजारच चाललीय" याला काही अर्थ नाही, बेल्ट कधी बदलला ते सांगा. पोलो जीटीआयचं लिहीत नाही, भारतात ९९ च गाड्या आणल्या होत्या, १९२ पीएसची ती, कुणी विकत असेल तर हे वाचायची वाट बघत बसणार नाही.

गाडी बघायला जाताना मालकाला आधीच सांगा की इंजिन चालू करून ठेवू नका. पोचल्या पोचल्या बोनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर चहा प्या, गप्पा मारा, थांबा, नाहीतर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिनच खरं बोलतं. चेनचा खडखडाट, टर्बोचा शिट्टीसारखा आवाज, सायलेन्सरमधून निळा धूर, सगळं पहिल्या मिनिटात कळतं. पाच मिनिटं आयडलला ठेवून मग एकदम रेस करा, निळा धूर आला म्हणजे टर्बोचे सील नाहीतर व्हॉल्व्हचे सील. कुलंटची टाकी थंड असतानाच उघडा, आत तेलाचा तवंग किंवा चहासारखा रंग दिसला की हेड पॅकिंगचा संशय, नमस्कार करून निघा.

क्लच बघायची साधी युक्ती, चौथ्या गिअरमध्ये पन्नासला असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम टणकन चढले आणि स्पीड मागेच राहिला तर क्लच घसरतोय. टर्बो गाडीत टॉर्क कमी आरपीएमलाच मिळतो त्यामुळे लगेच कळतं. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवा, कटकट आली तर एक्सलचे जॉइंट. स्पीडब्रेकरसाठी वेगळं कुठे जायला नको, पुण्यात आहात, खडखड आली तर लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, शॉकअपचं माउंटिंग, यातलं काहीतरी, आणि हे फार महाग नाही, पण किंमत पाडायला कामी येतं. मोकळ्या रस्त्यावर मागे कोणी नाही बघून ऐंशीवरून जोरात ब्रेक लावा, स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क गेल्यात, गाडी एका बाजूला ओढली तर कॅलिपर बघायला लागेल.

गाडी आधी ट्रॅकवर पळालीय का हे मालक सांगेलच असं नाही, गाडी सांगते. पुढच्या चाकाच्या आतल्या प्लॅस्टिक लायनरवर हात फिरवा, रबराच्या बारीक गोळ्या चिकटलेल्या असतील तर ट्रॅकची हवा लागलेली आहे. पुढच्या टायरचा बाहेरचा खांदा घासलेला आणि मधली नक्षी चांगली, डिस्कवर निळसर डाग, हे पण तसंच. टायरवर चार आकड्यांचा कोड असतो, ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. पाच वर्षांच्या गाडीला दोन टायर पाच वर्षांचे आणि दोन सहा महिन्यांचे असतील तर का ते विचारा. आणि माझं मत विचाराल तर ट्रॅकवर गेलेली गाडी वाईटच असते असं अजिबात नाही. जो माणूस ट्रॅकवर जातो आणि दर पाच हजाराला ऑइल बदलून बिलं फाइलला लावतो त्याची गाडी मी डोळे झाकून नाही पण एक डोळा झाकून घेईन. भीती वाटते ती रोज कर्वे रोडला सिग्नल ते सिग्नल पळवून सर्व्हिसला मात्र "पुढच्या महिन्यात बघू" म्हणणाऱ्याच्या गाडीची.

रिमॅपचं सरळ विचारा, "स्टेज वन होती का, परत स्टॉक कधी केली?" (स्टेज वन म्हणजे रिमॅपची पहिली पायरी, स्टॉक म्हणजे कंपनीची मूळ सेटिंग) असं ठामपणे विचारलं की बरेच जण कबूल होतात. एअर फिल्टरच्या डब्याचे स्क्रू चोळलेले, डाउनपाइपचे (टर्बोपासून सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपचे) नट नवे चकचकीत आणि शेजारचे गंजलेले, मग समजून जा. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर वाचणारं यंत्र) लावणारा ओळखीचा मेकॅनिक सोबत न्याच, आदल्या रात्री एरर डिलीट केलेले असतील तर तेही साधारण कळतं. आणि मोठा एक्झॉस्ट लावलेली गाडी घेऊन वर "पोलिस काही करत नाहीत" असं ऐकून येऊ नका. मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध बदल चालणार नाहीत असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलेलं आहे, आणि ओरिजिनल सायलेन्सर विकणाऱ्याच्या माळ्यावर पडलेला असेल तर तो व्यवहारातच मागून घ्या.

अजून एक, पुराची गाडी. कोल्हापूर-सांगलीला २०१९ ला आणि चिपळूणला २०२१ ला काय झालं आपण बघितलंय, त्या सगळ्या गाड्या भंगारात गेल्या असं समजू नका. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, तळाशी मातकट रेघ आहे का बघा. सीटच्या रेलचा गंज, कार्पेटखालचा गाळ, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यातली माती, आणि आत बसल्यावर परफ्यूमचा भपका. गाडीत अत्तराची अख्खी बाटली ओतलेली असेल तर काहीतरी लपवायचंच असतं.

कागदपत्रं पटकन सांगतो. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०, चलान ऑनलाइन बघा, शौकीन माणसाच्या गाडीवर स्पीडचे चलान नसतील तर मला जास्त संशय येतो. दिल्लीची गाडी स्वस्त दिसते पण फॉर्म २८ ची एनओसी, इथला रोड टॅक्स परत आणि आरटीओच्या चकरा धरल्या की स्वस्त राहत नाही. इन्शुरन्स १४ दिवसांत नावावर करा. आणि हे मात्र नीट ऐका, आपल्या नेहमीच्या पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग बसत नाही, म्हणजे ट्रॅकवर भिंतीला लावली तर खर्च तुमचा. म्हणून सांगतो, बजेट सात लाख असेल तर गाडी सहाच्या आतली बघा, उरलेले टायर, ब्रेक आणि पहिल्या सर्व्हिसला जाणारच आहेत.

टेस्ट ड्राइव्हला हेल्मेट घेऊन जा. लोक हसतात, हसू द्या. सनरूफवाल्या गाडीत हेल्मेट घातल्यावर उंच माणसाचं डोकं छताला लागतं, आणि हे गाडी नावावर झाल्यावर कळलं तर काय करणार, सनरूफ उघडून बसणार?

घेतल्यावर पहिलं काम ब्रेक ऑइल. हे मी स्वतःच्या अकलेने शिकलो नाही, ट्रॅकने शिकवलं. पहिल्यांदा गेलो तेव्हा टायर नवे, इंजिन ऑइल नवं, पोटोबा भरलेला, आणि ब्रेक ऑइल चार पावसाळे जुनं. चौथ्या लॅपला पेडल मऊ झालं, पाचव्याला जवळजवळ तळाला गेलं, नशिबाने पुढे मोकळी माती होती. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, आणि डॉट ४ या ग्रेडच्या ब्रेक ऑइलचा कोरडा, म्हणजे नवं असतानाचा, उकळबिंदू किमान २३० अंश असतो तो पाणी मुरल्यावर १५५ पर्यंत येऊ शकतो. मग आत वाफ होते आणि पाय नुसती वाफ दाबत बसतो. दोन हजारांच्या आतलं काम, ते मी टाळलं होतं. सोबत चांगले पॅड टाका, पण पूर्ण रेसिंगचे नकोत, ते थंड असताना धरत नाहीत आणि आपल्याला खंबाटकी पण उतरायचीय.

ट्रॅकवर टायरची हवा गरम झाल्यावर वाढते, प्रत्येक सेशननंतर मोजून कमी करा आणि वहीत लिहा. शेवटचा लॅप सावकाश मारा, थांबल्यावर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवा, बोनेट उघडा. निघताना हवा परत हायवेच्या आकड्यावर आणा, हे हमखास विसरतं. ऑइलची डिपस्टिक बघा, चाकाचे नट टॉर्क रेंचने तपासा आणि पन्नास किलोमीटरवर थांबून परत एकदा. आणि त्याच संध्याकाळी निघू नका राव, अंग मोडून आलेलं असतं, रात्री झोपा, सकाळी इडली खा, मग बंगलोरच्या रस्त्याला लागा.