पोट बिघडलंय? गोळी नंतर, आधी हे बघा

पोटाचं काही झालं की बहुतेक जण सरळ ड्रॉवर उघडून गोळी शोधतात, जळजळ झाली तरी तीच, फुगलं तरी तीच आणि साफ झालं नाही तरी तीच. पण हे तिन्ही त्रास वेगळे आहेत, कारणं वेगळी आणि उपाय तर कधीकधी एकमेकांच्या उलट. म्हणून आधी आठ-दहा दिवस मोबाईलमध्ये नोंद ठेवा, काय खाल्लं, किती वाजता, त्रास कधी सुरू झाला, संडासला कधी झाली आणि कशी झाली. हो, कशी ते पण लिहायचं, किळस आली तरी. त्यासाठी ब्रिस्टल स्टूल चार्ट नावाचा एक तक्ता आहे, त्यात 7 प्रकार आहेत, 1 म्हणजे सुट्या कडक गोळ्या आणि 7 म्हणजे नुसतं पाणी. 3 आणि 4 असेल तर उत्तम. डॉक्टरला "पोट बरोबर नाही" सांगण्यापेक्षा "आठवडाभर 1 नंबर चाललंय" हे सांगणं कितीतरी उपयोगाचं.

आता जळजळ. अन्ननलिका जठराला मिळते तिथे एक झडपेसारखा स्नायू असतो, तो ढिला पडला की ॲसिड वर येतं. त्यामुळे जेवण आणि झोप यात 2-3 तास ठेवा, एकदम पोटभर जेवू नका, पोटावर घट्ट बांधू नका, आणि रात्री त्रास होत असेल तर पलंगाची डोक्याकडची बाजू 15-20 सेंटीमीटर उचला (नुसत्या उशा रचून फायदा नाही, त्याने पोट दुमडतं आणि उलट दाब वाढतो). डाव्या कुशीवर झोपून बघा. वजन जास्त असेल तर थोडं कमी केलं तरी फरक पडतो. आणि ओमेप्राझोल, पँटोप्राझोल वगैरे ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्या जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायच्या असतात, लोक जळजळ सुरू झाल्यावर घेतात आणि मग म्हणतात गोळी लागू पडत नाही. वर्षानुवर्षं स्वतःच्या मनाने चालू ठेवायची पण ही गोळी नाही. अल्सर असेल तर तो फक्त तिखट खाऊन किंवा टेन्शनने होतो हा समज जुना झाला, हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जीवाणू आणि पेनकिलर ही त्याची मोठी कारणं आहेत. बॅरी मार्शल यांनी 1984 मध्ये हा जीवाणू स्वतः पिऊन बघितला होता, पुढे 2005 मध्ये त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं!! तुम्ही तसलं काही करू नका, फक्त मनाने पेनकिलर खाणं बंद करा.

बद्धकोष्ठता हा खूप जणांना होणारा आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा त्रास. रोज झालीच पाहिजे असा काही नियम नाही, आठवड्यातून 3 पेक्षा कमी वेळा होत असेल, कुंथावं लागत असेल, कडक असेल तर ती बद्धकोष्ठता. पहिला उपाय फायबर, दिवसाला 25-30 ग्रॅम, म्हणजे भाज्या, सालीसकट फळं, डाळी, कडधान्यं. पण एका दिवसात वाढवायचं नाही, दोन-तीन आठवड्यांत हळूहळू, नाहीतर पोट असं फुगतं की माणूस फायबरलाच शिव्या घालतो. इसबगोल घेणार असाल तर ग्लासभर पाण्याबरोबरच घ्या, कोरडं किंवा कमी पाण्यात घेतलं तर घशात नाहीतर आतड्यात अडकू शकतं. दुसरं म्हणजे वेळ. काही खाल्लं की मोठं आतडं आपोआप हालचाल करायला लागतं आणि सकाळी ही हालचाल जास्त असते, तर नाश्त्यानंतर 15-20 मिनिटांत जाऊन बसा. कमोड असेल तर पायाखाली छोटं स्टूल घ्या, गुडघे कमरेच्या वर येतील इतकं, आणि थोडं पुढे झुका, त्याने मार्ग सरळ होतो. मोबाईल बाहेर ठेवा, दहा मिनिटांत नाही झाली तर उठा, बसून कुंथत राहणं म्हणजे मूळव्याधीला आमंत्रण. आलेली कळ मात्र मीटिंग आहे म्हणून दाबू नका. आणि चालू असलेल्या गोळ्या तपासा, लोहाच्या गोळ्या, कोडीनवालं खोकल्याचं किंवा दुखण्याचं औषध, काही अँटासिड यांनी पण आतडं मंदावतं.

जुलाबात सगळ्यात महत्त्वाचं पाणी आणि क्षार. तयार ओआरएसचं पाकीट बेस्ट, नसेलच तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात 6 सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. प्रमाण अंदाजाने वाढवू नका, साखर जास्त झाली की जुलाब वाढतात आणि मीठ जास्त झालं तर लहान मुलांना धोका. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने परत द्या. खाणं बंद करायचं नाही. जुलाब थांबवायची गोळी ताप किंवा रक्त असताना घेऊ नये, लहान मुलांना तर नाहीच. अँटिबायोटिक मनाने घेऊ नका, त्यानेच कितीतरी वेळा नवे जुलाब सुरू होतात.

दूध प्यायल्यावर फुगत असेल तर आठवडा-दोन आठवडे बंद करून परत सुरू करून बघा, मोठेपणी दूध नीट न पचणं जगात खूप कॉमन आहे. वारंवार पोट दुखतं आणि संडासचं तंत्र बिघडतं पण रिपोर्ट नॉर्मल, असं असेल तर आयबीएसबद्दल (आतड्याच्या कामातला बिघाड) डॉक्टरांशी बोला. प्रोबायोटिकच्या (म्हणजे पोटाला चांगल्या जीवाणूंच्या) महागड्या बाटल्यांवर माझा तरी फारसा विश्वास नाही, आधी झोप, चालणं आणि फायबर जमवा.

आता कधी थांबायचं नाही ते. शीमधून रक्त, डांबरासारखी काळी शी (लोहाच्या गोळ्यांनी पण काळी होते, पण विचारून घ्या), कारण नसताना वजन कमी होणं, घास अडकणं, रात्री झोपेतून उठवणारा त्रास, पन्नाशीच्या आसपास अचानक बदललेली सवय. रक्त दिसलं की मूळव्याधच असणार असं घरीच ठरवू नका. आणि छातीत दडपण, घाम, हातात किंवा जबड्यात कळ असेल तर गॅस म्हणून बसून राहू नका, ताबडतोब हॉस्पिटल.

डॉक्टरकडे जाताना ती नोंद आणि सगळ्या गोळ्यांची नावं न्या. सीलिॲकची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला होणारा आजार) तपासणी सांगितली असेल तर त्याआधी गहू बंद करू नका, रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. पायलोरीच्या श्वासाच्या टेस्टआधी मात्र ॲसिडिटीच्या गोळ्या साधारण 2 आठवडे थांबवायला लागतात, अपॉइंटमेंट घेतानाच विचारून ठेवा.