शेक्सपिअरच्या इंग्रजीतलं ‘दाउ’ आणि ‘यू’ कसं वाचावं

‘दाउ’ हे फार आदराचं सर्वनाम आहे, असं अजूनही वर्गांत शिकवलं जातं. इंग्रजी बायबलात देवाला ‘दाउ’ म्हणतात, म्हणून हा समज. तो आधी डोक्यातून काढा. ‘दाउ’ म्हणजे तू. विठ्ठलाला अरे-तुरे करणाऱ्या मराठी माणसाला यात अवघड काही नाही.

रूपं एका संध्याकाळी पाठ होतात. एकवचनात कर्ता ‘दाउ’, कर्म ‘दी’, षष्ठीला ‘दाय’ आणि ‘दाइन’. अनेकवचनात कर्ता ‘ये’, कर्म ‘यू’, षष्ठीला ‘युअर’. ‘दाउ’ आलं की क्रियापदही बदलतं: आर्ट, हॅस्ट, डस्ट, विल्ट. इंग्लंडमधल्या दुकानांच्या पाट्यांवरचं ‘ये ओल्ड’ मात्र यात धरू नका. तिथलं ‘ये’ सर्वनाम नसून ‘द’ आहे. थॉर्न नावाचं जुनं अक्षर लिहिताना ‘वाय’सारखं दिसू लागलं आणि पुढे छापखान्यात त्याच्या जागी ‘वाय’च बसला.

मग पुस्तक कोणतं आहे ते पाहा. 1611चं किंग जेम्स बायबल असेल, तर आदराचा विचारच करू नका. तिथे ‘दाउ’ एकाला आणि ‘ये’, ‘यू’ अनेकांना, मग समोर देव असो की चोर. याचा फायदा मोठा आहे. लूकच्या शुभवर्तमानात, 22व्या अध्यायात, येशू शिमोन पेत्राला सांगतो की सैतानाने ‘यू’ मागितलं आहे, पण मी ‘दी’साठी प्रार्थना केली आहे. म्हणजे मागणी सगळ्या शिष्यांची, प्रार्थना एकट्या पेत्रासाठी. आजच्या इंग्रजीत दोन्हीकडे ‘यू’च येतं आणि हा भेद दिसेनासा होतो.

नाटक हातात असेल तर खरं काम इथून पुढे. या टप्प्यावर मीही बराच काळ अडखळले आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

‘दाउ’ दिसलं की तू, ‘यू’ दिसलं की तुम्ही, असा सरधोपट सल्ला सगळीकडे मिळतो. तो मानू नका. नॉर्मन लोकांनी 1066मध्ये इंग्लंड जिंकल्यावर दरबारात फ्रेंच आली. एका माणसाला आदराने अनेकवचनी बोलायची फ्रेंच रीत तेराव्या शतकापासून इंग्रजीत मुरत गेली. शेक्सपिअरच्या काळापर्यंत प्रतिष्ठित घरांत ‘यू’ हे रोजचं, साधं संबोधन झालं होतं. नवरा-बायको, बरोबरीचे मित्र, सगळे एकमेकांना ‘यू’ म्हणत. त्यामुळे ‘यू’ आहे एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. ‘दाउ’ची दखल घ्यायची, आणि त्याहून जास्त बदलाची. पेन्सिल घ्या आणि एकच पात्र त्याच माणसाशी बोलताना सर्वनाम कुठे बदलतं, तिथे खूण करा. मी तरी खुणा केल्याशिवाय कोणताही प्रवेश वाचत नाही.

‘हॅम्लेट’च्या तिसऱ्या अंकातला, आईच्या खोलीतला प्रवेश घ्या. राणी, म्हणजे त्याची आई, म्हणते, ‘दाउ’ आपल्या वडिलांना (म्हणजे सावत्र बापाला) फार दुखावलं आहेस. हॅम्लेट तेच वाक्य उलटवतो: आई, ‘यू’ माझ्या (म्हणजे मेलेल्या, खऱ्या) वडिलांना फार दुखावलं आहे. इथे मराठी कान फसतो. आपण आईला तू म्हणतो, म्हणून हॅम्लेटचं ‘यू’ आपल्याला तुटक वाटतं. पण थोरामोठ्यांच्या घरातल्या मुलाने आईशी असंच बोलायचं असतं. त्याचा घाव शब्दांच्या उलटापालटीत आहे, सर्वनामात नाही. सर्वनाम बदलते ती राणी. पुढच्याच वाक्यात ती मुलाला ‘यू’ म्हणते. मायेचं ‘दाउ’ तिने काढून घेतलं आहे.

‘किंग लिअर’च्या पहिल्या प्रवेशात हीच गोष्ट उलट्या दिशेने घडते. राजा लिअर लाडक्या लेकीला, कॉर्डीलियाला, आधी ‘यू’ म्हणून विचारतो, आणि तिचं उत्तर मनासारखं येत नाही म्हटल्यावर ‘दाय’वर उतरतो. राणीचं ‘दाउ’ मायेचं, लिअरचं रागाचं. म्हणून ‘दाउ’चा एकच ठरलेला अर्थ वहीत लिहून ठेवू नका, तो प्रसंगावरूनच ठरवा. पाठोपाठ केंट हा लिअरचाच सरदार साक्षात राजाला ‘दाउ’ आणि म्हातारा म्हणतो. भर दरबारात, जमलेल्या सगळ्यांसमोर. त्या प्रेक्षकांना तो किती मोठा अपराध वाटला असेल, हे ओळखायला आपल्याला टीप लागत नाही, कारण ‘अहो’वरून ‘अरे’वर आल्याने किती बिनसतं, हे आपण घरोघरी पाहतो.

हा भेद फक्त रंगभूमीवरचा नव्हता. 1603मध्ये सर वॉल्टर रॅले या दरबारी दर्यावर्दीवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक त्याला भर न्यायालयात ‘दाउ’ म्हणाला, आणि मी ‘दाउ’ म्हणतोय हेही ठणकावून सांगितलं. त्याच शतकात क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक सगळी माणसं सारखी मानून न्यायाधीशांनाही ‘दाउ’ म्हणत आणि त्यापायी लोकांचा संताप ओढवून घेत.

मराठीत उतरवत असाल तर बदलाच्या जागी बदल ठेवा. तू-तुम्हीने तो साधत नसेल तर ‘कार्टे’, ‘बाईसाहेब’, ‘अगं’ अशा हाकांनी साधा.

अठराव्या शतकानंतरच्या कवितेत ‘दाउ’ भेटलं तर पेन्सिल खाली ठेवा. तोवर ते प्रमाण इंग्रजी बोलण्यातून गेलं होतं, यॉर्कशरसारख्या भागांतल्या बोलींत तेवढं टिकलं. कवी पक्ष्याला, वाऱ्याला, मृत्यूलाही ‘दाउ’ म्हणतो, तो केवळ काव्याचा रिवाज म्हणून. तिथे नात्यांचे बारकावे शोधू नका.