घोड्यावर बसल्यावर त्याला त्रास होतोय का, ते कसं ओळखायचं

मी रायडिंग शिकत होते तेव्हा क्लासमध्ये एक तांबडी घोडी होती, कपाळावर पांढरी चांदणी असलेली. तिला सगळे नखरेल म्हणायचे, कारण तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, आवळायला घेतला की ती कान मागे पाडून चावायला वळायची. सर म्हणायचे लक्ष देऊ नको, नाटकं आहेत, आणि मी दोन महिने खरंच लक्ष दिलं नाही. मग एकदा खोगीर उतरवल्यावर सहज तिच्या पुढच्या पायामागे हात फिरवला तर बोटांना ओलं लागलं, वाकून बघितलं तर केस गेलेले, कडेने खपली आणि मधे रुपयाएवढी लाल जखम, बरोबर तंगाच्या बकलाखाली. ती रोज तेच सांगत होती. जखम भरेपर्यंत तिला सुट्टी दिली, बकलाखाली मऊ पट्टी आली आणि तिचं चावणं बंद झालं.

घोडा कुत्र्यासारखा केकाटत नाही, दुखलं तरी उभा राहतो, चालतो, ओझं वाहतो. शिकार होणारा प्राणी आहे, लंगडा दिसला की वाघ त्यालाच धरणार, म्हणून दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे. त्यामुळे आपल्यालाच बारकाईने बघावं लागतं. माथेरानला दस्तुरी नाक्यावर अर्ध्या तासासाठी घोडा घेणार असाल तरी हे बघा, आणि क्लास लावला असेल तर रोजच बघा.

१. बसायच्या आधी पाच मिनिटं द्या

आधी लांबून नुसतं बघा कसा उभा आहे. मागचा एक पाय ढिला सोडून उभा असेल तर काळजी नाही, घोडे तसाच आराम करतात. पण पुढचा एकच पाय सारखा पुढे टाकून त्यावर भार देत नसेल तर त्या पायात काहीतरी आहे. खोगीर चढवायच्या आधी तळहात मानेपासून कंबरेपर्यंत सावकाश दाबत न्या. एखाद्या जागी कातडी थरथरली, पाठ खाली दबली किंवा घोडा सरकला तर तिथे परत हात न्या, परत तेच झालं तर ती जागा दुखतेय. मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्यावर पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर बहुतेक खोगिराने केलेल्या जुन्या जखमांच्या खुणा असतात. तुम्ही वर बसल्यावरसुद्धा त्या उंचवट्यावर खोगिराखाली दोन-तीन बोटं जायला हवीत.

तंग एका झटक्यात आवळू नका, दोन-तीन वेळा थोडा थोडा आवळा, मधे चार पावलं चालवा. आणि वजनाचं स्पष्टच लिहिते, कोणाला राग आला तरी चालेल. स्वार अधिक खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण 20 टक्क्यांच्या वर जाऊ नये असं धरतात. म्हणजे 300 किलोच्या छोट्या डोंगरी घोड्यावर सगळं मिळून 60 किलो! आपलं वजन जास्त असेल तर मोठा घोडा मागा, नसेल तर चालत जा.

२. चेहरा वाचा

कानांबद्दल लोकांचा फार गोंधळ होतो. स्वारी करताना एक कान मागे वळला म्हणजे घोडा चिडला असं नाही, तो तुमचं ऐकतोय, उलट चांगलं आहे. दोन्ही कान मागे पडून पाच-पाच सेकंद किंवा जास्त तसेच राहतात, वारंवार पडतात, तेव्हा सावध व्हा. आपल्याकडे काठियावाडी आणि मारवाडी घोडे भरपूर, सारंगखेड्याच्या बाजारात गेलात तर दिसतील, त्यांच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात, म्हणून त्यांचं टोक बघू नका, कान बुडाशी कुठे वळलाय ते बघा.

डोळ्याच्या वर ताण येऊन त्रिकोणी सुरकुती पडली, नजर एका जागी थिजली, नाकपुड्या ताणल्या, हनुवटी घट्ट गोळा झाली, ही दुखण्याची चिन्हं. डोळ्याचं पांढरं दिसणं मात्र काही ठिपकेदार घोड्यांत जन्मजात असतं, म्हणून आपल्या घोड्याचा शांत असतानाचा चेहरा आधी लक्षात ठेवा, फोटोच काढून ठेवा.

३. चालू लागल्यावर तोंड, शेपूट आणि पाय

तोंड मिटलेलं आणि बिट, म्हणजे लगामाची तोंडातली कडी, हलकेच चघळतोय, ठीक. तोंड सारखं उघडतोय, जीभ बाहेर काढतोय, मान झटकतोय, तर आधी स्वतःचा हात तपासा. लगाम दोन बोटं सैल सोडा. झटकणं थांबलं तर दोष तुमच्या हाताचा, थांबलं नाही तर बिट, दात किंवा पाठ बघायला हवी. शेपूट एकदा माशीसाठी हलणं वेगळं, आणि प्रत्येक टाचेसरशी सपासप फिरणं किंवा एका बाजूला वाकडी राहणं वेगळं.

लंगडणं दुडक्या चालीत, म्हणजे चालणं आणि दौडणं यांच्या मधल्या चालीत, नीट दिसतं. पुढचा दुखरा पाय जमिनीवर पडताना डोकं वर जातं आणि चांगला पाय पडताना खाली येतं. वर बसून हे कळत नाही, मैत्रिणीला बाजूने व्हिडिओ काढायला सांगा, दोन्ही दिशांनी. मग उतरा आणि घोड्याला हाताने धरून चालवा, तरीही लंगडत असेल तर पाय बघा, मोकळा चालायला लागला तर खोगीर किंवा आपलं बसणं बघा, पण याने डॉक्टरची गरज संपत नाही.

ब्रिटनच्या पशुवैद्य स्यू डायसन यांनी 2018 मध्ये स्वारीखालच्या घोड्याच्या 24 खुणांची यादी मांडली, त्यातल्या 8 किंवा जास्त दिसल्या तर हाडं-स्नायूंचं दुखणं असण्याची शक्यता मोठी. अडून बसणं, सारखं ठेचकाळणं, अचानक बुजणं, दुगाण्या झाडणं, मागच्या पायांवर उभं राहणं हेही त्यात आहे. म्हणजे ज्याला आपण अडेलपणा म्हणून चाबूक मारतो ते!

४. चढावर श्वास मोजा

घोडा तोंडाने श्वास घेऊच शकत नाही, फक्त नाकाने, म्हणून नाकपुड्या फुलून राहिल्या की समजायचं दमलाय. शांत उभ्या घोड्याचा श्वास मिनिटाला 8 ते 16, कुशीची हालचाल बघून मोजता येतो. चढ चढल्यावर उतरा, तंग एक भोक सैल करा, दहा-पंधरा मिनिटांत श्वास बराच खाली यायला हवा. येत नसेल तर परतीला चालत या.

५. त्रास दिसला तर

आधी उतरा, हे सगळ्यात महत्त्वाचं. खूर उचलून खडा अडकलाय का, नाल हललाय का बघा, नाहीतर घोडेवाल्याला बघायला सांगा. त्याच्याशी भांडू नका, त्याचं घर त्या जनावरावर चालतं, "दादा, याचा डावा पुढचा पाय दुखतोय वाटतं, जरा बघता का" एवढं म्हटलं की बहुतेक जण लगेच वाकून बघतात. पैसे पूर्ण द्या, म्हणजे घोड्याला लगेच दुसऱ्या फेरीला जुंपायची घाई होणार नाही. घोडा सारखा पोटाकडे वळून बघत असेल, पाय आपटत असेल, लोळायला जात असेल, घामाघूम असेल तर ती पोटदुखी, त्यात जीव जातो, डॉक्टर त्याच क्षणी बोलवायचा, उद्या नाही.

शेवटी खोगीर उतरवल्यावर घामाचे डाग बघायला विसरू नका. सगळी पाठ ओली आणि मधेच तळहाताएवढा कोरडा ठिपका असेल तर तिथे खोगीर जास्त दाबतंय किंवा नीट टेकत नाहीये. डाव्या-उजव्या बाजूचे डाग सारखे नसतील तर खोगीर किंवा तुम्ही एका अंगाला कलताय, उद्या बसायच्या आधी रिकिबींची (पाय ठेवायच्या कड्यांची) लांबी मोजून बघा.