अँप्लिफायर बनवणाऱ्या नव्या पोट्ट्यांसाठी: ग्राउंडचा घोळ

रेझिस्टर, डायोड, ट्रान्झिस्टर काय असतात ते तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. कलर कोड पाठ नसला तरी मल्टिमीटर आहे ना. सिरॅमिक कॅपॅसिटरवर 104 म्हणजे 0.1 मायक्रोफॅरड, इलेक्ट्रोलिटिकवरची पट्टी म्हणजे मायनस. 8 ओहमचा स्पीकर मीटरवर 6-7 दाखवतो, तो खराब नसतो, इम्पिडन्स (एसी सिग्नलला होणारा अडथळा) आणि डीसी रेझिस्टन्स वेगळे. वॉट म्हणजे आरएमएसच (सलग मिळणारी खरी पॉवर) बघायचे, पीएमपीओ (फुगवलेला आकडा) खोक्यावर छापायलाच असतो.

12-0-12 ट्रान्सफॉर्मरचे 12 हे एसीचे व्होल्ट, मधली 0 ची वायर म्हणजे सेंटर टॅप. फिल्टरनंतर दोन्ही बाजूंना 16 च्या आसपास डीसी येतो, म्हणून कॅपॅसिटर 25 व्होल्टचाच घ्या. आणि टीडीए 2030 या अँप्लिफायर आयसीची हद्द प्लस-मायनस 18 व्होल्ट आहे, "थोडी जास्त पॉवर" म्हणून 15-0-15 लावाल तर 20 च्या वर जाल आणि आयसी गेलाच.

आता खरा घोळ, ज्यानं मला रडवलं. ग्राउंड, म्हणजे सर्किटचा शून्य व्होल्टचा, करंट परतायचा जोड. सर्किट डायग्राममध्ये ती खालची खूण दहा ठिकाणी असते, आपण म्हणतो सगळं एकच आहे, जिथं जवळ पडेल तिथं वायर जोडली की झालं, आणि मग स्पीकरमधून अखंड घुंऽऽ. कागदावर वायरला रेझिस्टन्स नसतो, हातातल्या वायरला असतो. वीतभर बारीक वायर धरा, साधारण 0.02 ओहम. ब्रिजमधून (एसीचा डीसी करणारे चार डायोड) फिल्टर कॅपॅसिटर चार्ज होतो तो सलग नाही, झटक्याझटक्यानं, सेकंदाला 100 वेळा, आणि झटका 5 अँपिअरचा असला तर त्या वीतभर वायरवर 0.1 व्होल्ट पडला. मोबाईलचा सिग्नलच मुळात काही शे मिलिव्होल्ट, आणि त्याचं ग्राउंड तुम्ही त्याच वायरवर जोडलंय, मग अँप्लिफायर बिचारा ते पण वाढवून देणारच ना!

म्हणून सेंटर टॅप आधी दोन्ही फिल्टर कॅपॅसिटरच्या जोडावर न्या. तिथून एक छोटी वायर काढून मेन पॉइंट करा. स्पीकरचा परतीचा वायर त्या पॉइंटवर वेगळा, इनपुटचं ग्राउंड वेगळं, एकमेकांत गुंतवायचं नाही. सेंटर टॅप ते कॅपॅसिटर या तुकड्यावर मधेच काहीच जोडू नका, काहीच म्हणजे काहीच नाही.

शोधायची युक्ती: व्हॉल्यूम पूर्ण बंद करा. आवाज गेला तर भानगड इनपुटकडे, शील्डेड वायर (वरून जाळी असलेली) बघा. तरी राहिला तर पॉवर सप्लाय नाहीतर ग्राउंड. घाबरू नका, वायरिंग बदलून बहुतेक वेळा जातो, आयसी फेकायची गरज नसते.

एक मात्र कुणीही सांगितलं तरी करायचं नाही, थ्री पिनची अर्थ पिन काढून टाकणं. आवाज जातो, खरं आहे, पण मेटलची बॉडी मग कशाच्या भरवशावर? आपल्याकडे उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात त्या बातम्या वाचता ना, तोच प्रकार आहे हा.

गुरू म्हणाल तर व्हिडिओवाल्यांपेक्षा जुने रेडिओ-टीव्ही रिपेअरवाले काका बरे. थिअरी सांगणार नाहीत, चिडतीलही, पण सोल्डरिंग बघून लगेच कुठं कच्चं आहे ते दाखवतात. रेडीमेड किटला मी नावं ठेवत नाही, पण पहिलंच किट लावलं की वायर कुठून काऊन गेली ते कळतच नाही, म्हणून एक तरी अँप्लिफायर, एलएम 386 या छोट्या आयसीचा का असेना, झिरो बोर्डवर (नुसत्या भोकांचा कोरा पीसीबी) स्वतः जोडा.

बर्डीवर (नागपूरची सीताबर्डी बाजारपेठ) आयसी घेताना मायका वॉशर, म्हणजे आयसी आणि हीटसिंकमधे घालायची करंट अडवणारी पातळ चकती, मागून घ्या. टीडीए 2030 ची पाठ मायनस सप्लायला जोडलेली असते, हीटसिंक बॉडीला टेकला की शॉर्ट. आणि हीटसिंक मोठाच घ्या, डिसेंबरात गार वाटणारा तुकडा मे महिन्यात 45 डिग्रीत पुरत नाही.