मृगाच्या पेरणीपूर्वी मोकाट कोंबड्यांचा बंदोबस्त

रोहिणी नक्षत्र लागले की कोकणात भाताच्या धूळवाफेच्या, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीतल्या, पेरण्या सुरू होतात आणि वाडीतल्या मोकाट कोंबड्यांच्या तक्रारीही याच सुमारास वाढतात. घर बंद करून मुंबईला गेलेल्यांच्या मागे राहिलेली एखादी तलंग (तरुण कोंबडी), वेशीवर देवीच्या नावाने सोडलेला कोंबडा, खुराड्यात परत न आलेली खुडूक कोंबडी, अशा सुरुवातीतून दोन-तीन पावसाळ्यांत रात्री फणसावर बसणारा आणि कोणाच्याही हाती न लागणारा कळप तयार होतो. गावठी कोंबडी साधारण सहा महिन्यांत अंड्यावर येते, 10 ते 15 अंडी घालते आणि मग खुडूक होऊन 21 दिवस अंड्यांवर बसते. म्हणूनच कोंबड्यांच्या मागे धावण्यापेक्षा त्यांचे दाणापाणी आणि अंड्यांच्या जागा बंद करणे अधिक उपयोगाचे आहे, आणि हे काम पाऊस सुरू होऊन रान माजण्याआधीच व्हायला हवे.

त्याआधी पक्षी कोणाचा आणि कोणत्या जातीचा, याची खात्री करून घ्यावी. पायात चिंधी किंवा दोरा दिसला, अथवा एखाद्या पंखाची पिसे कापलेली आढळली, तर तो पक्षी मोकाट नसून शेजाऱ्याचा आहे; अशा वेळी वाडीत विचारणा करावी आणि वाद होण्यासारखा असेल तर ग्रामपंचायतीत सांगून ठेवावे. सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाड्यांमध्ये रानकोंबडाही दाणा टिपायला शेतात उतरतो. राखाडी अंग, मानेच्या पिसांवर मेणासारखे चकचकीत पिवळट ठिपके आणि गावठी कोंबड्याहून वेगळी, तुटक बांग यांवरून तो ओळखू येतो. रानकोंबडी आणि चकोत्री (तांबूस रंगाचा, कोंबडीसारखा लहान रानपक्षी) या दोन्हींना वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 चे संरक्षण आहे, त्यामुळे त्यांना पकडू नये आणि त्यांची अंडीही उचलू नयेत.

दाण्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. बियाणे 3 टक्के मिठाच्या द्रावणात, म्हणजे 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ घालून, बुडवल्यावर वर आलेला पोल (पोचट दाणे) अंगणात भिरकावण्याची आपली जुनी सवय आहे. तोच पोल कळपाला दाराशी बोलावतो, शिवाय अंगाला मीठ लागलेले दाणे जास्त प्रमाणात पोटात गेल्यास कोंबड्यांना अपाय होतो. थायरम हे बुरशीनाशक चोळून उरलेले बियाण्याचे भात तर अजिबात उघड्यावर ठेवू नये. ते खाल्लेल्या कोंबड्या मऊ कवचाची अंडी घालू लागतात, त्यांच्या पायांत दोष येतो, आणि अशा कोंबडीची अंडी वा मांस खाण्याजोगे मानू नये.

कोंबडीला भाताच्या रोपाशी काही वैर नसते. तिला पाहिजे असते ती नुकतीच फोडलेली भुसभुशीत माती आणि त्यातले किडे; दाणे उकरले जातात ते त्या ओघात. त्यामुळे पेरणीनंतर रोप बोटभर वर येईपर्यंतचे आठ-दहा दिवस सांभाळले की मोठे नुकसान टळते. गादीवाफ्यावर बी झाकल्यावर नारळाच्या झावळ्या उलटसुलट पसराव्यात आणि अंकुर दिसू लागताच त्या काढाव्यात, नाहीतर रोपे पिवळी व लांबट होतात. किनाऱ्याजवळच्या गावांत जुने मासेमारीचे जाळे कुंपणाला लावतात. ते स्वस्त पडते, पण जमिनीलगत सैल राहिले तर त्यात धामण अडकते, म्हणून खालची कड ताणून खुंट्यांनी पक्की करावी किंवा तेवढ्या भागात बारीक छिद्रांची तारेची जाळी वापरावी. गावठी कोंबडी चांगली उडते, तेव्हा पाच फुटांपेक्षा कमी उंचीचे कुंपण घालून समाधान मानू नये.

नव्या आंबा-काजूच्या कलमांना वेगळाच त्रास होतो. आळ्यातल्या पालापाचोळ्याखाली ओल आणि वाळवी असते, म्हणून कोंबड्या दुपारी तिथेच उकरत बसतात आणि कलमाची कोवळी मुळे उघडी पडतात. आच्छादनावर जांभ्याचे लहान दगड खोडापासून वीतभर अंतर सोडून दाट मांडले की उकरणे थांबते. मोठ्या झाडांच्या बागेत मात्र हाच कळप वाळवी आणि किडे टिपतो, आणि तिथून त्याला हाकलण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

अंड्यांच्या जागा गवताच्या उडवीखाली, लाकडांच्या रचाईत, पडक्या गोठ्याच्या कोपऱ्यात आणि करवंदीच्या जाळीत सापडतात. सकाळी अंडे घालून ओरडणाऱ्या कोंबडीवर नजर ठेवावी. सगळी अंडी एकदम उचलली तर ती जागा बदलते. म्हणून पेन्सिलीने खूण केलेली दोन अंडी तिथेच ठेवून बाकीची रोज काढून घ्यावीत.

पकडायचेच असेल तर दिवसा पाठलाग करू नये. चार-पाच संध्याकाळी एकाच जागी मूठभर कणी टाकून कळपाला सवय लावावी आणि मग काठीच्या टेकूवर तिरपे ठेवलेले डालगे दोरीने पाडावे. झाडावर बसणारे पक्षी पूर्ण अंधार झाल्यावर मंद प्रकाशात दोन्ही पंख अंगाशी दाबून उचलता येतात, कारण कोंबडीला रात्री नीट दिसत नाही. उंदरांसाठी आणलेले झिंक फॉस्फाइड कालवून ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तरी तो मानू नये. त्या विषाने कुत्री, कावळे, मुंगूस असे भलतेच जीव मरतात.

पकडलेले पक्षी लगेच आपल्या खुराड्यात सोडू नयेत. त्यांना तीन आठवडे दूर ठेवावे आणि त्यांचे दाणापाणी घरच्या कोंबड्यांनंतर करावे. हिरवी हगवण, धाप लागणे आणि मान पिळवटणे ही मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लक्षणे आहेत. घरच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा आणि साधारण आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही राणीखेतविरोधी लस पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्याने द्यावी. लस बर्फात आणावी आणि कालवल्यावर लगेच वापरावी. पक्षी एकाएकी एकापाठोपाठ मरू लागले तर ते वहाळात टाकू नयेत, उघड्या हाताने सोलूही नयेत. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरमध्ये बर्ड फ्लू आढळला तेव्हा आसपासच्या परिसरातील कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या होत्या. मेलेले पक्षी कुत्र्यांच्या तोंडी लागणार नाहीत असे झाकून ठेवून त्याच दिवशी दवाखान्यात कळवावे, आणि नमुने घेण्याबाबत त्यांनी सांगितल्यानंतरच चुना टाकून खोल पुरावेत.