डोमेनवरून पाठवलेले मेल स्पॅममध्ये जाऊ नयेत म्हणून

"कोटेशन पाठवलंय, जरा स्पॅममध्ये बघता का?" असा फोन गिऱ्हाइकाला करावा लागत असेल, तर मजकुरात खोट शोधण्याआधी डोमेनची (ईमेल पत्त्यात @ च्या पुढे येणाऱ्या नावाची) डीएनएस रेकॉर्ड्स, म्हणजे त्या नावाच्या जाहीर नोंदी, तपासा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ (डोमेनच्या नावाने मेल कोणी पाठवायचे याची यादी) किंवा डीकिम (मेलवरची डिजिटल सही) यांपैकी एक तरी असावंच लागतं. दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही लागतात, शिवाय डीमार्कही (तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद). माझ्या मते रोज दहाच मेल जात असले तरी तिन्ही करावीत.

आधी कागदावर यादी करा: तुमच्या डोमेनच्या नावाने मेल कोण कोण पाठवतं? गूगल वर्कस्पेस (स्वतःच्या डोमेनवर चालणारी जीमेलची व्यावसायिक सेवा), बिलांचं सॉफ्टवेअर, वेबसाइटवरचा चौकशी फॉर्म, न्यूजलेटर. फॉर्म हमखास विसरला जातो.

आता एसपीएफ. डोमेनचं डीएनएस जिथे आहे तिथे लॉगिन करून टीएक्सटी (मजकुराची नोंद) प्रकारचं रेकॉर्ड उघडा. होस्टच्या रकान्यात @ लिहा आणि मेल सेवेच्या मदत-पानावरची ओळ जशीच्या तशी चिकटवा. सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथेच. नवी सेवा घेतली की लोक दुसरं एसपीएफ रेकॉर्ड टाकतात, आणि दोन रेकॉर्ड्स दिसली की तपासणी 'एरर' असा शेरा देऊन थांबते. म्हणजे आधीचं चांगलं चाललेलंही बिघडतं. एका डोमेनला एकच एसपीएफ. नव्या सेवेचा 'इन्क्लूड' (त्या सेवेला परवानगी देणारा तुकडा) जुन्याच ओळीत, शेवटच्या 'ऑल'च्या आधी घाला. या ओळीमुळे होणाऱ्या डीएनएस चौकश्या १० च्या वर गेल्या तरी तपासणी फसते, म्हणून बंद केलेल्या सेवा काढून टाका.

मेल फॉरवर्ड झाला की एसपीएफ बहुधा तुटतं. डीकिमची सही मात्र मजकूर बदलला नाही तर टिकते, म्हणून ते टाळू नका. वर्कस्पेसच्या अ‍ॅडमिन कन्सोलमध्ये जीमेलच्या सेटिंगात 'ऑथेंटिकेट ईमेल' उघडा, २०४८ बिटची 'की' (सहीची किल्ली) तयार करा आणि ती डीएनएसमध्ये टाका. मग परत येऊन 'स्टार्ट ऑथेंटिकेशन' दाबा. ते दाबल्याशिवाय तुमच्या डोमेनच्या नावाने सही होत नाही. यादीतल्या बाकीच्या सेवांची डीकिम रेकॉर्ड्स वेगळी असतात, तीही टाका.

४८ तास जाऊ द्या, मग डीएनएसमध्येच डीमार्क. सुरुवातीला धोरण 'नन' (काहीच अडवू नका) ठेवा आणि अहवालासाठी ईमेल पत्ता द्या. काही आठवडे अहवाल वाचा. तुमचेच मेल नापास होत नाहीत अशी खात्री झाली की 'क्वारंटाइन' (नापास मेल स्पॅममध्ये टाका), मग 'रिजेक्ट' (घेऊच नका). पहिल्याच दिवशी 'रिजेक्ट' लावलं, तर राहून गेलेल्या सेवेतून जाणारी तुमची बिलंच परत येऊ शकतात.

शेवटी यादीतल्या प्रत्येक सेवेतून स्वतःच्या जीमेलवर एकेक मेल पाठवा. संगणकावर मेल उघडून तीन टिंबांखालचं 'शो ओरिजिनल' दाबा. एसपीएफ, डीकिम, डीमार्क तिघांपुढे 'पास' दिसलं की त्या सेवेवर टिक करा.